नऊ दाबा, काकू बोलतील

आमच्या कंपनीत फोनचं काम माझ्याकडे आलं ते एका बोटामुळे. साहेबांच्या टेबलावरचा फोन फार मोठ्याने वाजायचा. कुठल्याशा बिलावर सही घ्यायला मी केबिनमध्ये उभा होतो. फोन वाजला, साहेब दचकले, आणि मी सहज फोन उलटा करून तळाची बारीक कळ बोटाने सरकवली. आवाज कमी झाला. त्या वेळी केबिनमध्ये आणखी तिघंजण होते, हे माझं दुर्दैव. आपल्याकडे ज्याने झेरॉक्स मशीनमध्ये अडकलेला कागद एकदा ओढून काढला, त्याची त्या मशीनशी कायमची लग्नगाठ बसते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: 'टेलिफोनविषयक सर्व तक्रारी खरेदी विभागाकडे द्याव्यात.' खरेदी विभागात आम्ही दोघं होतो आणि दुसरा बाळंतपणासाठी सासुरवाडीला गेला होता. बाळंतपण बायकोचं, रजा त्याची.

ही गोष्ट १९९८ सालची. भोसरीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना, ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणारा. आत फोन ६४, बाहेर जाणाऱ्या लाइनी ८, आणि दोघांच्या मध्ये भिंतीला टांगलेली एक करड्या रंगाची, देवघराएवढी पेटी. तिचं नाव नीट उच्चारायला मला दोन वर्षं लागली. कुणी तिला ईपीबीएक्स म्हणायचं, कुणी ईबीपीएक्स. स्टोअरचे मामा 'इपाबेक्स' म्हणायचे. हे नाव पोटदुखीच्या गोळीला शोभलं असतं. शिपाई नुसतंच 'एक्सचेंज' म्हणायचा आणि तोच एकटा बरोबर होता. आतल्या माणसाने आतल्या माणसाला फोन केला तर टेलिफोन खात्याला न विचारता परस्पर जोडून द्यायचा, आणि बाहेर बोलायचं असेल तर आठांतली रिकामी लाइन शोधून द्यायची, एवढंच त्या पेटीचं काम. शून्य दाबलं की बाहेरची लाइन. नऊ दाबलं की काकू.

पेटी ज्या खोलीत होती, तिथेच पाण्याचा फिल्टर, १९८५पासूनच्या चलनांची गाठोडी आणि गणपतीचं थर्माकोलचं मखर होतं. पुढे थर्माकोलवर बंदी आली तरी ते मखर तिथेच राहिलं, कारण ते टाकायचं कुठे याची सूचना कुणी काढली नाही. वर मखर आणि खाली केबल कुरतडणारा उंदीर. देव तेवढा नव्हता.

काकू म्हणजे आमच्या ऑपरेटर. कानाला हेडसेट, पुढ्यात बटणांचा बोर्ड आणि मांडीवर मेथीची जुडी. मेथी निवडता निवडता त्या आठ लाइनी अशा सांभाळायच्या की एकाही पानाला देठ राहायचा नाही. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे एकच वाक्य त्यांना तीन चालींत म्हणता यायचं. पहिल्या चालीचा अर्थ, साहेब खरोखरच मीटिंगमध्ये आहेत. दुसरीचा अर्थ, साहेब समोरच बसलेत पण तुमच्याशी बोलायचं नाही म्हणतात. तिसरी चाल दुपारी अडीचची, ती डुलकीची. जुने व्यापारी चालीवरून अर्थ ओळखायचे आणि मुकाट्याने 'बरं, उद्या करतो' म्हणायचे. फोन कुणाकडे द्यायचा, हेही काकू विचारायच्या नाहीत. फाउंड्रीवाल्याचा आवाज चढा असला की त्याचे पैसे थकलेत, म्हणजे अकाउंट्स. तोच आवाज मधाळ असला की त्याला ऑर्डर हवी आहे, म्हणजे आम्ही.

ऑपरेटरच्या या सत्तेला वैतागूनच माणसाने स्वयंचलित एक्सचेंज शोधून काढलं. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्राउजर नावाचा गृहस्थ अंत्यविधीचा धंदा करायचा. गावातली ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं दुसऱ्या अंत्यविधीवाल्याकडे वळवते, कारण ती त्याचीच बायको आहे, असं त्याच्या मनाने घेतलं, असं सांगतात. आपण असतो तर तिच्या नवऱ्याशी भांडलो असतो. स्ट्राउजरने ऑपरेटरचीच गरज उरणार नाही असं यंत्र बनवलं. १८९१ साली त्याला पेटंट मिळालं आणि पुढच्या वर्षी इंडियानातल्या ला पोर्ट गावात ते एक्सचेंज सुरूही झालं. ही कथा मी काकूंना मोठ्या रंगात सांगितली. त्यांनी एक काडी बाजूला टाकली आणि म्हणाल्या, "मयताच्या घरचा फोन ना रे? मग तिने बरोबरच केलं असणार. हा मेला बोलायला उद्धट असेल."

एक्स्टेंशनचे नंबर वाटणं हे तांत्रिक काम आहे असं ज्याला वाटतं, त्याने आयुष्यात एकदा ते करून पाहावं. तळमजल्याला दोनशेची मालिका, वरच्या मजल्याला तीनशेची, शेडला आणि नव्या इमारतीला चारशेची, इतका सोपा माझा बेत होता. साहेबांना २०१ दिला. तेव्हा कारखाना व्यवस्थापकांनी विचारलं, २०२ म्हणजे आपण साहेबांच्या खालोखाल की नुसतेच शेजारी? अकाउंट्सच्या साहेबांना आकड्यांची बेरीज नऊ यायला हवी होती. ते टेबल तसंच ठेवून दोनशेसातवर गेले. एका बाईंना माहेरच्या घराचा नंबर हवा होता. हे सगळं मी निभावलं, पण ४२० पाशी गाडं अडलं. तो कुणीच घेईना. डिस्पॅचने नाही म्हटलं, क्वालिटीने तर लेखी नाही म्हटलं. शेवटी ज्याने नंबर काढला त्यानेच तो भोगावा असं ठरलं, आणि खरेदी विभागाच्या माथी, म्हणजे माझ्या माथी, तो बसला. पुरवठादारांना तो नंबर कधीही लिहून घ्यावा लागला नाही. १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली आणि फसवणूक ३१८ व्या कलमात गेली, तेव्हा मी साहेबांना सांगायला गेलो की आता माझा नंबर निर्दोष सुटला आहे. ते म्हणाले, "कायदा बदलला हो, पण सिनेमे कुठे बदललेत?" जाता जाता सांगतो, ३०२ कॅन्टीनला गेला होता. त्याला कुणी हरकत घेतली नाही. तिथला रस्सा खाल्लेल्यांनी तर मुळीच नाही.

नंबरांहून नाजूक भानगड म्हणजे कुणाला कुठवर फोन लावू द्यायचा. पेटीत प्रत्येक फोनाला एक पायरी ठरवून द्यावी लागते. सगळ्यात खाली नुसता इंटरकॉम, मग लोकल, मग एसटीडी, आणि सगळ्यात वर आयएसडी. आपल्या देशात ऑपरेटरवाचून थेट दुसऱ्या गावी फोन लावायची सोय १९६० साली कानपूर आणि लखनौच्या दरम्यान झाली. आमच्या डिस्पॅचच्या टेबलापर्यंत ती १९९९ साली पोचली, तीही चार अर्जांनंतर. आयएसडी मात्र काकूंनी स्वतःच्या बोर्डाखेरीज कुठेही उघडू दिलं नाही. साहेबांच्या फोनवरही नाही. "त्यांचा नातू येतो शनिवारी, बटणं दाबत बसतो," एवढंच कारण त्यांनी दिलं आणि साहेबांनीही ते मान्य केलं.

हे कुलूप-किल्लीचं काम माझ्याकडे असल्याने कंपनीतल्या बातम्या मला आधी कळायच्या. 'अमक्याचा एसटीडी उघडा' अशी चिठ्ठी आली की त्याची बढती नक्की. पत्र आठवड्याने मिळायचं. 'अमक्याचा एसटीडी बंद करा' अशी चिठ्ठी आली की तो चालला. एकदा कॅन्टीनच्या रांगेत मी अशाच एकाला आपुलकीने विचारलं, "मग, आता पुढे काय ठरवलंय?" त्याने पुढे फक्त उसळ घ्यायचं ठरवलं होतं. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यानंतर मी चिठ्ठ्या दोन दिवस उशिराच पाळायला लागलो. पेटी बिघडली होती, असं सांगायचो.

बाहेरच्या लाइनीला ट्रंक म्हणतात, हे मला त्या पेटीच्या पुस्तकावरून कळलं. 'आठ ट्रंक अपुऱ्या पडतात, आणखी चार घ्याव्यात' अशी मागणी मी कागदावर लिहिली, आणि तो कागद फिरत फिरत स्टोअरच्या मामांकडे गेला. मामांनी रविवार पेठेतल्या पत्र्याच्या पेट्यांचा भाव आणला. दोन मोठ्या, दोन मध्यम. कुलूप वेगळं.

मुळात ६४ माणसांना ८ लाइनी पुरतात कशा, हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. त्याचं उत्तर कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरी करणाऱ्या आग्नर एरलांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली शोधायला सुरुवात केली होती. सगळी माणसं एकाच वेळी बोलत नाहीत, फोन येतात ते कसेही विस्कटून येतात, आणि त्या विस्कटण्यालाही हिशोब असतो, हे त्याने मांडलं. फोनवरच्या गर्दीचं माप आजही त्याच्याच नावाने मोजतात. पण एरलांगने सोमवारी सकाळचे साडेदहा पाहिले असले तरी दहावीचा निकाल पाहिला नव्हता. त्या दिवशी आठच्या आठ लाइनी लाल, आणि काकूंच्या टेबलापाशी रांग. त्या लाइन द्यायच्या ती ज्येष्ठतेने नव्हे. "तुझी पोरगी हुशार आहे, तुला घाई कशाला? याला आधी लावू दे, याचा जीव टांगणीला लागलाय." एरलांगच्या गणितात हे पद नाही.

आता तारांविषयी. पेटीतून निघणाऱ्या तारा क्रोनच्या पट्टीवर येतात आणि तिथून टेबलाटेबलांवर जातात. टूलने तार खाचेत ठोकली की 'खट्ट' असा फार समाधानाचा आवाज येतो. मला हे शिकवलं अण्णांनी. अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, खिशात पक्कड आणि कानावर पेन्सिल. त्यांना तारांचे रंग पाढ्यासारखे पाठ होते. पांढऱ्याबरोबर निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी. मग लालबरोबर तेच पाच, मग काळ्याबरोबर, पिवळ्याबरोबर, जांभळ्याबरोबर. पाच पंचे पंचवीस जोड्या. हिरवा कुणाचा, हे त्याच्याभोवती कोण गुंडाळलंय त्यावरून ओळखायचं. "एकाची तार दुसऱ्याच्या जोडीत गेली की खरखर सुरू," असं अण्णा म्हणायचे. ते तारांविषयीच बोलत असावेत.

अण्णा तार दातांनी सोलायचे. मीही तसंच करायला गेलो. फोन खाली ठेवलेला असताना तारेवर ४८ व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते कळतही नाहीत. पण घंटी वाजवायची असते तेव्हा त्याच तारेवर ७५ ते ९० व्होल्ट सोडले जातात, आणि घंटी कधी वाजेल हे आपल्या हातात नसतं. त्या दिवशी तर तार माझ्या तोंडात होती. जुलै महिना, भिजलेल्या चपला, खाली ओली फरशी. डोळ्यांपुढे पंचवीसच्या पंचवीस रंग चमकले. पडलेल्या जागेवरून मी पाहिलं तर अण्णांनी शांतपणे रिसिव्हर उचलला होता. "बँकेतून आहे," ते म्हणाले, "कर्ज हवंय का विचारतायत."

वळवाचा पाऊस आला की पेटीतलं एखादं कार्ड जळायचं. वीज दूर कुठेतरी दिघीच्या टेकडीकडे कडाडायची आणि आमच्याकडे ३०५ ते ३१२ मुके व्हायचे. अण्णा म्हणाले, अर्थिंग सुकलंय. खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरून पाणी घालायला हवं. मी लगेच मीठ आणलं आणि व्हाउचरवर खरं तेच लिहिलं: 'टेलिफोन दुरुस्तीसाठी मीठ, १० किलो.' लेखापरीक्षकांनी त्याखाली लाल रेघ मारली आणि समासात फक्त एक शब्द लिहिला: 'चवीनुसार?'

पेटीला एक प्रिंटर जोडलेला होता. कुणी, कुठे, किती वाजता आणि किती वेळ बोललं, हे तो दिवसभर किरकिरत कागदावर उतरवायचा. हे काम मला कधीच आवडलं नाही. दुसऱ्याच्या फोनची यादी वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात डोकावणं. एकदा वरून हुकूम आला, खाजगी फोन करणाऱ्यांची नावं काढा. मी कागद काढून बसलो. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीजवळच्या फोनवरून रोज तीन वाजून दहा मिनिटांनी एकाच नंबरवर चार मिनिटांचा फोन. पावसाळा असो, संप असो, तीन दहा म्हणजे तीन दहा. चौकशी केली तर भट्टीवरचा एक थोराड फोरमन निघाला, ज्याला अख्खी शेड घाबरायची. शाळेतून घरी आलेल्या मुलीला तो कुलूप कसं उघडायचं, गॅसला हात लावायचा नाही आणि दूध कुठल्या पातेल्यात आहे, एवढं रोज सांगायचा. त्या महिन्यात प्रिंटरची रिबन संपली. पुढच्या महिन्यातही संपली. नंतर कुणी विचारलं नाही.

होल्डवर ठेवलेल्या माणसाला काय ऐकवायचं, हाही माझ्याच खात्याचा प्रश्न. पेटीत एक टिणटिणाटी धून होती, ती ऐकून माणूस दोन मिनिटांत फोन ठेवायचा, आणि अकाउंट्सला ती फार आवडायची. मग मला मागच्या बाजूला एक भोक सापडलं, ज्याला बाहेरचा रेडिओ जोडता येतो. जोडला. क्रिकेटच्या दिवसांत चमत्कार झाला. थकलेल्या बिलासाठी तावातावाने फोन करणारे लोक म्हणायला लागले, "नाही नाही, सावकाश शोधा फाइल, मी आहे होल्डवर." पण एके दिवशी साहेबांचं मोठं गिऱ्हाईक होल्डवर असताना रेडिओवर आमच्याच स्पर्धकाची जाहिरात लागली, तिच्यात त्याचा फोन नंबरही होता, आणि रेडिओ माझ्या घरी परत आला. होल्डवरच्या संगीताचा जन्मही अशाच एका घोळातून झालेला आहे. अमेरिकेत आल्फ्रेड लेव्ही नावाच्या कारखानदाराच्या फोनची एक सुटी तार इमारतीच्या लोखंडी तुळईला टेकली आणि शेजारच्या रेडिओ केंद्राचं गाणं फोनमध्ये ऐकू यायला लागलं. १९६६ साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. आमच्याकडे हे घडलं असतं तर मी तक्रार वहीत 'लाइनमध्ये गाणी येतात' असं लिहून अण्णांना बोलावलं असतं.

काकू २०१८ साली निवृत्त झाल्या. श्रीफळ, शाल, भाषणं झाली आणि जाताना त्यांनी माझ्या हातात दोनशे पानी वही ठेवली. कंपनीने त्यांच्या जागी माणूस घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. यंत्र येणार होतं.

नवं यंत्र म्हणजे दिसायला काहीच नव्हतं. संगणकच, आत एक सॉफ्टवेअर. त्याची कुळकथा मला आवडली. १९९९ साली मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन तरुणाला स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी असली पेटी परवडेना, म्हणून त्याने ती संगणकावर लिहूनच काढली आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकली. नाव ठेवलं ॲस्टरिस्क, फोनवरच्या चांदणीवरून. आता आवाज तुकडे होऊन संगणकाच्या जाळ्यातून जातो. जुना फोन वीज गेली तरी चालायचा, कारण त्याचं पोट तारेतूनच भरायचं आणि पेटीला बॅटऱ्या होत्या. नवा फोन नेटवर्कच्या स्विचवर जगतो, आणि तो स्विच झाडूवाल्या मावशी व्हॅक्यूम क्लीनरसाठी बंद करायच्या. रोज सकाळी आठ ते सव्वाआठ पहिला मजला जगापासून तुटायचा. कारण शोधायला मला तीन आठवडे आणि एका तज्ज्ञाची दोन भेटींची फी लागली.

या नव्या फोनांचा खास आजार म्हणजे एकतर्फी आवाज. आपलं त्यांना ऐकू जातं, त्यांचं आपल्याला येत नाही. साहेबांच्या केबिनमध्ये हा बिघाड महिनाभर कुणाच्या लक्षात आला नाही. तिथून तसंही एकाच दिशेने बोलणं चालायचं.

काकूंच्या जागी ध्वनिमुद्रित बाई आल्या. 'आपले स्वागत आहे. विक्री विभागासाठी एक दाबा, खरेदीसाठी दोन दाबा.' आवाज अकाउंट्सच्या एका मुलीचा, गोड. मुद्रण बंद खोलीत केलं, तरी 'तीन दाबा'च्या मागे कॅन्टीनच्या कुकरची शिट्टी आलीच. मी ती काढली नाही. निदान कारखाना जिवंत आहे हे कळतं. पहिल्या आठवड्यात बार्शीचे एक जुने शेठ त्या बाईंशी बराच वेळ बोलले. "हां ताई, विक्रीच. दाबतो की. पण काकू कुठायत? बऱ्या आहेत ना?" बाई म्हणाल्या, 'आपण चुकीचा पर्याय निवडला आहे.'

गेटवरच्या नव्या वॉचमनला हॅश दाबायला सांगण्यात माझी एक दुपार गेली. "हॅश कुठंय साहेब?" शून्याच्या उजवीकडे. "तिथं कुंपण काढलंय." शेवटी मी म्हटलं, फुलीगोळा खेळायला आखतो तसली चौकट आहे बघ. तेव्हा तो खूश झाला. "मग असं सांगा की! आणि ती फुली डावीकडं हाय, शून्याला गोळा धरा." चांदणी, शून्य, हॅश: त्याच्या दृष्टीने तो फुलीगोळ्याचा डाव होता. इतकं नेटकं वर्णन पेटीच्या पुस्तकातही नाही.

मग १५ जानेवारी २०२१ उजाडला. त्या दिवसापासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य दाबणं देशभर सक्तीचं झालं. पुढेमागे नवे नंबर काढायला जागा व्हावी म्हणून. आमच्याकडे बाहेरची लाइन घ्यायलाच शून्य लागतं. म्हणजे शून्य, त्यावर शून्य, मग मोबाइल. मी फळ्यावर सूचना लावली. मग लक्षात आलं की लोक सूचना वाचत नाहीत, म्हणून यंत्रालाच शिकवलं की मोबाइलचा नंबर दिसला की एक शून्य आपणहून लाव. आणि नेमकं त्याच वेळी, कंपनीच्या इतिहासात प्रथमच, सगळ्यांनी सूचना वाचली. माणसाचं एक शून्य, यंत्राचं एक शून्य. दोन शून्यांनी सुरू होणारा फोन म्हणजे परदेशचा फोन. ज्या गिऱ्हाइकाचा मोबाइल ९८ ने सुरू होतो त्याला लावलेला फोन इराणच्या दिशेने निघाला, ९४ वाला श्रीलंकेला आणि चाकणचे ९२ वाले फोर्जिंगवाले थेट पाकिस्तानात. दिवसभरात किती देशांशी आमचे संबंध बिघडले असते, सांगता येत नाही. पण एकही फोन लागला नाही. प्रत्येकाला एकच उत्तर मिळत होतं: 'ही सुविधा आपल्या फोनवर उपलब्ध नाही.' जुन्या पेटीतले नियम नव्या यंत्रात उतरवताना मी काकूंचं आयएसडीचं कुलूपही न बघता तसंच उतरवून ठेवलं होतं. त्याच कुलपाने आणखी एक रात्र वाचवली. एका रविवारी पहाटे बाहेरच्या कुणीतरी संगणकाच्या वाटेने शिरून २०१ चा पासवर्ड ओळखला. तो २०१ च होता. परदेशी फोन लावायचे शंभरेक प्रयत्न नोंदलेले दिसले. एकही पुढे गेला नाही. काकूंनी ते कुलूप साहेबांच्या नातवासाठी लावलेलं. नातू आता जर्मनीत असतो.

वही मात्र मी बरेच दिवस उघडली नव्हती. उघडली तेव्हा पानापानांवर निळ्या शाईत नोंदी. 'बार्शीचे शेठ: दोन ते चार झोपतात, करू नये.' 'सांगलीचे इंजिनियर: आधी तब्येत विचारावी, मग कामाचे.' 'हडपसरचे: ऐकू कमी येते, मोठ्याने, पण ओरडल्यासारखे वाटता कामा नये.' 'नाशिकच्या बाई: पती वारले, मार्चमध्ये. "साहेब आहेत का" म्हणून विचारू नये.' दोनशे पानं. यंत्रात ही माहिती भरायला एकही रकाना नाही. मी सगळी बटणं पाहिली.

तेव्हा नऊचं बटण मी मोकळं केलं. मुद्रित बाईंच्या यादीत त्याचा उल्लेख नाही, पण ज्याला जुनी सवय आहे तो आपोआप नऊ दाबतो. तो फोन आता ४२० वर वाजतो आणि वही माझ्या डाव्या हाताला असते. दुपारी एक ते दीड मी जेवायला असतो, तेवढा वेळ सोडून कधीही करा.